इलिमानी बघायला आलेली बाई

॥ ग्वादालुपेची आई पाठीशी असो ॥

ला पास,
सोमवार, ६ जून १९९४

ती. लेओकादियाताईस,
धाकट्या कासिमिराचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. रात्रभर बसमध्ये दात वाजत होते, शेजारणीचा कोंबडा माझ्या मांडीवर झोपला होता, पण पोचले. पहाटे बस पठाराच्या कडेला आली आणि खाली बघते तर अख्खं शहर खड्ड्यात! ताई, ह्या लोकांना देशात कुठे सपाट जमीन मिळाली नाही का गं? खड्ड्यात उतरून राहिलेत आणि वर स्वतःला राजधानी म्हणवतात. राजधानी आपली सुक्रे, हे तुला सांगायला नको, पण इथे चार जणांना सांगावं लागणार असं दिसतंय. इलिमानी डोंगर मात्र खरा. शहराच्या टोकाला पांढराधोप बसलाय. त्याला बघून राजधानीचं भांडण मी घटकाभर विसरले, आणि मी सहसा भांडण विसरत नाही हे तू जाणतेसच.

मिर्ता घ्यायला आली होती. एकटीच, काळा चष्मा लावून. बसस्टँडवर हात हातात घेतला, मिठी मात्र गाडीचं दार लावल्यावर मारली. घर छान आहे, सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. तिने माझ्या वेण्या, टोपी, घागरा, सगळं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मिर्ताला विचारलं की ह्या कोण. आपल्या मिर्ताने सांगितलं, गावाकडच्या ओळखीच्या आहेत. लिफ्टला तीन बाजूंनी आरसे. तिन्ही आरशांत आम्हा दोघींचं नाक एकच दिसत होतं, तरी त्या बाईने मान डोलावली.

खोलीत पलंगावर राखाडी कोट, तसलाच फ्रॉक, पायमोजे आणि टाचांचे बूट मांडून ठेवले होते. माझ्यासाठी भेट म्हणे. मी विचारलं, हे काय, कुणी वारलंय का? मग ती रडली आणि सगळं बाहेर आलं. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासूबाईंना, मानाने ‘दोन्या’ म्हणवून घेणाऱ्या त्या एल्विराबाईंना, तिने सांगून ठेवलंय की आईचं सुक्रेत कापडाचं मोठं दुकान आहे, आई फ्रॉक घालणारी आहे, आणि दर वेळी निघते तेव्हा रस्ता बंद असतो. लग्नाच्या वेळीही रस्ता बंद होता, नाताळातही बंद होता. आपल्याकडे कुणाची काही मागणी असली की लोक दगड टाकून रस्त्यात बसतात, त्यामुळे असलं खोटं खपून जातं. पण ताई, निम्मा देश माझ्या पोरीने एकटीने अडवून धरलाय!

मी रागावले नाही. खोटं कशाला सांगू, रागावले. पण आवाज चढवला नाही. तिला एवढंच म्हटलं की मी हे शहर बघायला आले आहे, माझ्या कपड्यांत बघणार, आणि एकदा चारचौघांत तुझ्या तोंडून आई ऐकल्याशिवाय परत जाणार नाही. मी होऊन कुणापुढे तुला मुलगी म्हणणार नाही, तुझं घर मोडायला मी आलेले नाही. पण तुझ्या तोंडून ते निघालंच नाही, तर पुढच्या वेळी सुक्रेला आलीस की आपल्या रसाच्या स्टॉलवर गिऱ्हाईक म्हणून ये, पपईचा रस पी, पैसे ठेव आणि जा. बोलून बसले, ताई. आता मागे घेता येत नाही, आणि घ्यायचंही नाही.

स्टॉलवर आंबट संत्री वर ठेवू नकोस. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, उत्तर त्याच्याच हाती पाठव. लोभ आहे तो दाट आहे, त्यात पाणी घालू नकोस.

तुझी,
कासिमिरा

॥ ग्वादालुपेची आई सुबुद्धी देवो ॥

सुक्रे,
बुधवार, ८ जून १९९४

चि. कासिमिरा हिस,
लेओकादियाचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद देते आहे म्हणून राग नाही असं समजू नकोस.

तुझं पत्र मी स्टॉलवरच वाचलं. वाचता वाचता दोन गिऱ्हाइकांना दुधात लिंबू घालून दिलं, आता ती शेजारच्या बेर्ताच्या स्टॉलवर जातील आणि बेर्ता वर्षभर मला टोमणे मारील. ते जाऊ दे. मला हे सांग, त्रेसष्टाव्या वर्षी तुला हे काय सुचलं? पोरीचा संसार आहे. सासू तशी, नवरा आईपुढे मांजर. तू आठ दिवसांची पाहुणी. चार तास तो कोट अंगावर घातलास तर काय झिजशील? मी तर म्हणते थंडीचे दिवस आहेत, ऊबच मिळेल.

आणि एक गोष्ट तुला आवडायची नाही, पण मी मोठी आहे, बोलणार. तिला फ्रॉक घातला कुणी? तूच. सहा वर्षांची होती, नन्सच्या शाळेत घातलीस, वेण्या कापल्यास. मी आणि आपली आई दोघी नको नको म्हणत होतो. तू म्हणालीस, घागऱ्यातल्या पोरीला शेवटच्या बाकावर बसवतात, माझी पोर पहिल्या बाकावर बसेल. बसली पहिल्या बाकावर. आता तिथून तिला मागचं दिसत नाही म्हणून तू तिच्यावर का चिडतेस?

माझे गुडघे बरे आहेत. बरे म्हणजे नेहमीसारखे दुखतात. रोज सकाळी कोकाच्या पानांचा चहा घे, उंचीने डोकं धरतं म्हणतात, आणि तुझं आधीच जाग्यावर नाही. मुलीशी गोडीने घे. माझी माया आहे तशी आहे, वाढवायला जागा उरली नाही.

तुझी ताई,
लेओकादिया

॥ ग्वादालुपेची आई पाठीशी असो ॥

ला पास,
शुक्रवार, १० जून १९९४

ती. ताईस,
कासिमिराचा सा. न. वि. वि.

तुझं बोलणं पोचलं, लागलंही. हो, मीच घातला तिला फ्रॉक. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन. तिला कुठलंही दार उघडावं म्हणून घातला, ताई. ती आत गेल्यावर माझ्या तोंडावर ते लावून घ्यावं म्हणून नाही घातला. ह्यावर आता वाद नको.

तर बातमी अशी की मी मिर्ताच्या घरातून निघाले. भांडून नाही. मंगळवारी सासूबाईंचा फोन आला की येते आहे, आणि मिर्ताने मला विचारलं की मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात बसेन का. मी म्हटलं, बसते की. गाठोडं उचललं आणि थेट सान फ्रान्सिस्कोच्या देवळामागे एका खाणावळीत खोली घेतली. जावई रोलांदो जिन्यात आडवा आला, म्हणाला आई, राहा ना. बघ, तो म्हणाला आई! पण जिन्यात, आणि हळू. तेवढ्यावर माझं भागत नाही.

खाणावळीत सगळे गोरे प्रवासी. त्यांच्याकडे बघून मी ठरवलं की आपणही प्रवाशासारखंच हिंडायचं. आपल्या देशात फक्त गोऱ्यांनीच बघत हिंडायचं आणि आपण फक्त दिसायचं, असं कुठे लिहिलंय? चोरट्या मालाच्या बाजारातून स्वस्तातला कॅमेरा घेतला, शहर दाखवणाऱ्या बसचं तिकीट काढलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. विल्मर नावाचा वाटाड्या आला, तिशीतला, केसांना तेल चोपडलेला. मला म्हणाला, मावशी, बसमध्ये विकायला परवानगी नाही. मी तिकीट नाकासमोर धरलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं, मग घसा साफ केला आणि बोलायला लागला की पाहुण्यांनो, बोलिव्हियाच्या राजधानीत स्वागत. मी हात वर केला. म्हटलं, बाळा, इथे सरकार बसतं एवढंच. राजधानी सुक्रे आहे. कायद्यात लिहिलंय, शाळेत शिकवलं नाही का? गोऱ्यांनी वह्या काढल्या, त्याला खोडून पुन्हा सांगावं लागलं. दिवसभर तो प्रत्येक वाक्याआधी माझ्याकडे बघत होता.

मुरियो चौकात कबुतरांना दाणे टाकले. जादूटोण्याच्या बाजारात वाळवलेली लामाची पिल्लं बघून एक गोरी बाई किंचाळली, मी तिला धीर दिला की ती घराच्या पायाखाली पुरतात, जेवायची नाहीत. मग दोन गोऱ्यांना माझ्याबरोबर फोटो हवा झाला. मी म्हटलं, काढा, पण मग मीही तुमचा काढणार. जूनच्या थंडीत अर्ध्या चड्डीत हिंडणारी माणसं आपल्या बाजारात दाखवली तर बेर्तासुद्धा काम सोडून बघत बसेल.

इथल्या आपल्या बायकांनी मात्र वात आणला. त्यांचा घागरा घोट्यापर्यंत, आपला गुडघ्यापर्यंत. एक आपिवाली, जांभळ्या मक्याची गरम पेज विकणारी, मला बघून हसायला लागली की आजी, पोटऱ्यांना वारा लागत नाही का, आणि वर विचारते कोचाबांबाची का तू? कोचाबांबाची! ताई, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, सुक्रेची आहे, आणि तुझ्या घागऱ्याने रस्ता झाडून निघतो तेवढा माझ्याने निघत नाही, एवढाच फरक. तिने मला पेज फुकट दिली. आता रोज तिथेच पिते.

आता खरं सांगते. बुधवारी त्या बसच्या फेरीत शेवटी प्रादो रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात चहा असतो, अगदी वरच्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून इलिमानी जसा दिसतो तसा कुठूनच दिसत नाही म्हणतात. (हॉटेलचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला.) त्याच मजल्यावर दर बुधवारी दोन्या एल्विरा मैत्रिणींबरोबर चहा घेतात आणि सुनेला नेतात. मला हे मिर्तानेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्या दिवशी तेवढी तू घरात थांब म्हणून. मी बुधवारचं तिकीट काढलंय. तिला कळवलंही आहे, लपूनछपून जायला मी चोर नाही. मी तिच्या टेबलाशी जाणार नाही, ओळख दाखवणार नाही. इलिमानी बघणार, चहा पिणार. पुढचं तिच्यावर.

लोभ कर, सल्ला नको.

तुझी,
कासिमिरा

ला पास,
शनिवार, ११ जून १९९४

ती. लेओकादियामावशीस,
मिर्ताचा सा. न. वि. वि.

मावशी, तुझ्याशिवाय आई कुणाचं ऐकत नाही, म्हणून लिहिते. तिला बुधवारी तिथे जाऊ नको म्हणून सांग. पाया पडते तुझ्या.

तुला वाटेल मला आईची लाज वाटते. मलाच कळत नाही मला काय वाटतं. ती बसमधून उतरली तेव्हा तिच्या टोपीचा, शालीचा वास आला आणि मला तिथेच तिच्या कुशीत शिरावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मी आजूबाजूला बघत होते की ओळखीचं कुणी आहे का. दोन्ही एकदम. असं माणूस किती दिवस जगू शकतं, सांग.

दोन्या एल्विरा वाईट नाहीत. मला काही कमी करत नाहीत. पण त्यांच्याकडे तीस वर्षं स्वयंपाक करणारी बाई घागऱ्यातली आहे, आणि तिच्या समोर त्या म्हणतात की ही माणसं आपापल्या जागी फार चांगली असतात. तशा बाईची मुलगी म्हणून मी त्यांच्या टेबलावर बसू शकेन का? रोलांदो म्हणतो सांगून टाकू, पण त्याची आई खोलीत आली की तो वर्तमानपत्र उघडतो.

आईचं काय, ती हॉटेलात जाईल, दोन शब्द ऐकवील, टोपी सरळ करील आणि बस पकडून सुक्रेला येईल. तिथे तुम्ही सगळ्या तिला खांद्यावर घ्याल. मला मात्र इथे राहायचं आहे, मावशी. ह्याच लिफ्टमध्ये, ह्याच लोकांत. धीट असणं तिला परवडतं. आणि दरवाजावर तिला अडवलं तर? तिथे घागऱ्यातल्या बायकांना मागच्या दाराने पाठवतात, मी बघितलंय. तिला कुणी मागच्या दाराने पाठवलेलं मला बघवणार नाही, आणि मी उठून काही बोलूही शकणार नाही. दोन्ही मला ठाऊक आहे.

तिला सांग ना. तू सांगितलंस तर ऐकेल. तुझा लोभ मला लहानपणापासून न मागता मिळाला, ह्या वेळी मागते आहे.

तुझी,
मिर्ता

॥ ग्वादालुपेची आई बळ देवो ॥

सुक्रे,
सोमवार, १३ जून १९९४

चि. कासिमिरा हिस,
लेओकादियाचे आशीर्वाद, आणि ह्या वेळी राग वगळून.

मिर्ताचं पत्र आलं. तुला थांबव म्हणते. पोरगी वाईट नाही गं, भ्यायली आहे, आणि तिचं सगळंच चुकीचं आहे असंही मला म्हणवत नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. दोनदा तिच्यासाठी डोळ्यांना पाणी आलं. तिसऱ्यांदा त्या मागच्या दाराच्या ओळीशी आले आणि डोकंच फिरलं.

मागच्या दाराने? कुणाला, तुला? पहाटे चारला उठून रस काढून जिने मुलीची फी भरली तिला? आपली आई वारली तेव्हा बिशपच्या वाड्यात पुढच्या दाराने जाऊन तिच्या दफनाला जागा मागणारी तू! मी तुला कोट घाल म्हणाले ते शब्द मी गिळले. जा तू बुधवारी. वाटेल तर जेवायच्या वेळेपासून जाऊन बस. माझी सणाची शाल ड्रायव्हरकडे दिली आहे, ती पांघर, त्यांची झुंबरं फिकी पडू देत. मिर्ताला मी दोनच ओळी लिहिल्या आहेत की तुझी आई माझं ऐकत नाही, आणि ऐकत असती तरी मी सांगितलं नसतं.

फक्त पोरीला तोडून बोलू नकोस. दाराशी हवी तेवढी भांड, तिच्याशी नको.

आहे नाही तो सगळा लोभ शालीत गुंडाळून पाठवते.

तुझी ताई,
लेओकादिया

॥ ग्वादालुपेची आई उभी राहिली ॥

ला पास,
गुरुवार, १६ जून १९९४

ती. ताईस,
कासिमिराचा शिरसाष्टांग नमस्कार.

बसून वाच. स्टॉलवर वाचू नकोस, पुन्हा दुधात लिंबू पडेल.

काल तुझी शाल पांघरून निघाले. सकाळी चंद्राची दरी म्हणून एक जागा दाखवली. सगळी माती पावसाने खाऊन सुळके झालेत. संध्याकाळी बस हॉटेलशी थांबली. दाराशी सोनेरी बटणांचा दरवान. आमच्यातले सगळे गोरे चिखलाच्या बुटांनी आत गेले, त्या अर्ध्या चड्डीवाल्यांनासुद्धा त्याने वाकून सलाम केला. मी पुढे झाले तर हात आडवा. तोंड बघितलं तर आपलाच माणूस, गालफाडं आपली, नाक आपलं. हळूच म्हणाला, मावशी, मागून जा ना, मला बोलणी बसतात. त्याचं मला वाईट वाटलं, खरंच. पण मी म्हटलं, बाळा, तुला बोलणी बसतील ती मी खाईन, तिकीट पुढच्या दाराचं आहे.

ते दार काचेचं, गोल फिरणारं, चार खणांचं. तो काही बोलायच्या आत मी एका खणात पाऊल टाकलं आणि मधोमध उभी राहिले. माझा घेर तुला ठाऊक आहे, आत पाच परकर. दार जागच्या जागी अडलं! मागच्या खणात केसाळ कॉलरची, पिसांच्या टोपीची एक बाई अडकली, पुढच्या खणात पेटी घेतलेला एक साहेब. आतून मॅनेजर धावत आला आणि काचेतून हातवारे करायला लागला. मी कानाला हात लावला, ऐकू येत नाही. मग मी गाठोडं ठेवलं आणि खाली बसले. अडवायचं तर बसावं लागतं, ताई, उभ्या माणसाला ढकलता येतं. एवढं तर आपल्या देशात शेंबड्या पोराला कळतं. पिशवीतली कोकाची पानं काढली आणि चघळत बसले. खाण कामगार रस्ता अडवतात, मास्तर अडवतात, ट्रकवाले अडवतात. रस विकणाऱ्या बायकांनी एक दार अडवलं तर आभाळ कोसळणार आहे का?

बाहेर माणसं जमली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि मग गोऱ्यांबरोबर आधीच आत गेलेला तो विल्मर, तेलकट केसांचा, मॅनेजरजवळ जाताना दिसला. तिकिटांचा गठ्ठा त्याच्यापुढे धरून बोलत होता. नंतर कळलं, तो म्हणाला की ह्या बाई माझ्या प्रवासी आहेत, पैसे भरलेत, त्या चहा पिणार नाहीत तर मी उद्यापासून कुणालाच इथे आणणार नाही. मॅनेजर नरमला. खुणेने म्हणाला, या, पण टोपी काढून. मी मागच्या खणातल्या बाईच्या पिसांकडे बोट दाखवलं, आधी त्यांची. ते मात्र त्याच्याच्याने झालं नाही. मी उठले, दार फिरलं, मी आत. टोपीसकट.

वरचा मजला. ताई, काय सांगू, पूर्ण भिंतभर काच आणि काचेत इलिमानी. उन्हं उतरली होती, बर्फ गुलाबी झालं होतं. मला टेबल मिळालं खिडकीशीच. आणि पलीकडच्या टेबलावर मिर्ता, तिच्या शेजारी दोन्या एल्विरा, ताठ मानेच्या, मोत्यांची माळ. तेवढ्यात ती पिसांची टोपी फणफणत त्यांच्याच टेबलाशी येऊन बसली! त्यांची मैत्रीण निघाली ती. मोठमोठ्याने सांगायला लागली की कुणा घागरेवालीने दार अडवलं, ह्या लोकांना आता काही धरबंधच राहिला नाही. दोन्या एल्विरांनी माझ्याकडे बघितलं. मिर्ताने बघितलं नाही. ती बशीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत नाव पुकारलं की व्हायचे तसेच.

चहा आला. मी प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, पैसे दिले होते. बराच वेळ गेला. गुलाबी रंग वर वर सरकायला लागला, आता थोड्या वेळात जाणार. माझ्या मनाने घेतलं की ही काही आई म्हणणार नाही. ठीक आहे. निदान डोंगर तरी बरोबर न्यावा. मी कॅमेरा काढला. आता स्वतःचा फोटो स्वतः कसा काढणार? प्रवासी काय करतात, शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतात. शेजारी तीच होती. ताई, शप्पथ घेऊन सांगते, मी डाव टाकला नाही. मी अहो म्हणून, परक्या बाईशी बोलतात तशी बोलले, की बाईसाहेब, तेवढा माझा एक फोटो काढता का, डोंगर मागे येईल असा.

ती उठली. कॅमेरा घेतला. दोन पावलं मागे गेली, डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. आणि मग चांगल्या मोठ्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, आई, टोपी जरा मागे घे, तोंडावर सावली येते.

कुणाचा तरी चमचा पडला. दोन्या एल्विरांनी विचारलं, मिर्ता, तू ह्यांना काय म्हणालीस? मिर्ताने कॅमेरा डोळ्यावरून काढलाच नाही. म्हणाली, आई म्हणाले, ही माझी आई आहे, सुक्रेच्या बाजारात रस विकते, आणि चार वर्षांत एकदाही रस्ता बंद नव्हता. मग मला म्हणाली, आई, रडू नकोस, फोटो हलेल. मी कुठे रडत होते! हलला असेल तर तिच्याच हाताने.

दोन्या एल्विरा उठून गेल्या. मधे माझी खुर्ची होती. मीही वाट मोकळी करून दिली.

मी इतक्यात परतीच्या बसने येत नाही. बेर्ताला काय जळायचं ते जळू दे. तुझ्या शालीवर चहाचा डाग पडलाय, तो मी धुणार नाही, आणि तूही धुवायचा नाहीस.

लोभ असाच ठेव. आज मला सगळा पेलवतो.

तुझी,
कासिमिरा

ला पास,
रविवार, १९ जून १९९४

ती. लेओकादियामावशीस,
मिर्ताचा सा. न. वि. वि.

तुझ्या दोन ओळींचा मला तेव्हा फार राग आला होता. आता त्या माझ्या पर्समध्ये आहेत.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. सासूबाईंनी निरोप पाठवलाय की त्या आमच्या घराची पायरी चढणार नाहीत. लिफ्टमधली शेजारीण आता माझ्याशी हवापाण्याचंही बोलत नाही. रोलांदो दोन दिवस वर्तमानपत्रामागे होता, शुक्रवारी फुटबॉलच्या विश्वचषकात आपला संघ हरला तेव्हा सगळं शहरच सुतकात होतं, तो त्या गर्दीत मिसळून गेला. काल सकाळी मात्र कुणाला न सांगता खाणावळीत जाऊन आईचं गाठोडं स्वतःच्या पाठीवर बांधून घेऊन आला, आणि लिफ्ट सोडून सात मजले चढून आला, का ते त्यालाच ठाऊक. आई म्हणाली, जावयाला दम आहे, फक्त उशिरा लागतो.

मी घागरा घालणार नाही, मावशी. आईनेही विचारलं नाही. मला तो नेसताही येत नाही, मी जशी झाले तशीच राहणार. पण सासूबाई पायरी चढल्या नाहीत तर ती पायरी आहे तिथेच आहे. माफी मागायला मी जाणार नाही. चार वर्षं रोज थोडं थोडं घाबरत होते, एकदाच सगळं घाबरून झालं, आता उरलंच नाही.

आज आई मला शहर दाखवायला घेऊन गेली. हसू नकोस. इतकी वर्षं इथे राहून चंद्राची दरी मी बघितली नव्हती. तसल्या जागी आपली माणसं भेटतील, कुणी हाक मारील, म्हणून गेलेच नव्हते. आईला सगळं पाठ. कबुतरांना दाणे कुठे घ्यायचे, कुठल्या आपिवालीकडे पेज प्यायची, सगळं. त्या आपिवालीने मला बघून आईला विचारलं, ही कोण, आणि आईने मला पुढे करून तोंडभर उत्तर दिलं.

बसमध्ये आज विल्मर नव्हता, दुसरा कुणीतरी नवा होता. आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसलो. तो तिकिटं बघत आला, माझ्या कोटाकडे बघितलं, आईच्या वेण्यांकडे बघितलं, आणि मला अदबीने विचारलं की बाईसाहेब, ही बाई तुमच्याबरोबर आहे का? सगळी बस ऐकत होती. मी म्हटलं, नाही. मी ह्यांच्याबरोबर आले आहे.

लोभ होता तो ठेवलास, वाढला तर घ्यायला आता समोरच्या दाराने येईन.

तुझी,
कासिमिराची मिर्ता